ठाणे-नवी मुंबईत दारूमुक्तीच्या मीटिंगा: शोधायच्या कशा आणि गेल्यावर काय करायचं

दारू सोडलेली आणि सोडू पाहणारी माणसं एकत्र बसून एकमेकांना आधार देतात, ती संघटना म्हणजे अल्कोहोलिक्स अ‍ॅनॉनिमस, थोडक्यात ए.ए. तिच्या मीटिंगा ठाण्यात आणि नवी मुंबईत नियमित भरतात. तरीही पहिल्यांदा निघालेला माणूस पुष्कळदा दारापर्यंत पोचतच नाही. शाळेचं गेट बंद असतं, यादीतली वेळ जुनी असते, सेक्टर चुकतो, नाहीतर फोन भलत्याच ठिकाणी लागतो. एकदा असं झालं की 'जाऊन बघितलं, तिथे काही नसतं' असं घरी सांगायला आपण मोकळे. ती पहिली फेरी फुकट जाऊ नये, एवढ्यासाठी हे सगळं.

त्याआधी डॉक्टर लागेल का ते बघा

बरीच वर्षं रोज पिणाऱ्याने 'उद्यापासून मीटिंग, आजपासून बंद' असं परस्पर ठरवू नये. सकाळी हात थरथरतात आणि घोट घेतल्यावरच थांबतात, मागे कधी दारू सोडताना फिट आली होती, किंवा नसलेली माणसं, किडे-मुंग्या दिसल्या होत्या, यातलं एक जरी लागू असेल तरी आधी डॉक्टर आणि मग मीटिंग. शेवटच्या पेगनंतर सहा-आठ तासांत थरथर, घाम, मळमळ सुरू होते. फिट येण्याचा धोका साधारण पहिल्या ४८ तासांत जास्त असतो. भ्रम, बडबड, ताप, माणूस ओळखू न येणं हा सगळ्यात गंभीर प्रकार बहुधा दुसऱ्या ते चौथ्या दिवशी सुरू होतो आणि त्यात जीव जाऊ शकतो. म्हणून 'दोन दिवस काढले, आता सुटलो' हा हिशेब चुकीचा आहे.

असं काही दिसलं तर १०८ला फोन करून रुग्णवाहिका बोलवा. तातडीची वेळ नसेल तर ठाण्यात प्रादेशिक मनोरुग्णालयाचा बाह्यरुग्ण विभाग आहे आणि कळव्याला महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय. नवी मुंबई महापालिकेची रुग्णालयं वाशी, नेरूळ आणि ऐरोलीत आहेत. डॉक्टरला किती पिता ते खरं सांगा. 'कधीमधी दोन पेग' असं सांगितलं तर औषधाची मात्रा त्या दोन पेगांच्या हिशेबाने ठरते आणि तिसऱ्या रात्री ती पुरत नाही. आणखी एक: कित्येक दिवस न जेवता प्यायलेल्या माणसाला गल्लीतल्या दवाखान्यात 'अशक्तपणा आहे' म्हणून नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून आणू नका. अशा माणसाच्या शरीरात बी-१ जीवनसत्त्व संपत आलेलं असतं. ते आधी किंवा सोबत द्यावं लागतं, नाहीतर मेंदूला इजा होऊ शकते.

बायको किंवा आई 'त्याला न कळत' जेवणात मिसळते त्या पुड्यांबद्दलही इथेच. त्यात डायसल्फिराम असेल आणि माणूस वर प्यायला, तर चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते, रक्तदाब कोसळतो. हे औषध चांगलं आहे, पण माणसाला माहीत असेल आणि डॉक्टरने तपासून दिलं असेल तरच. चोरून देऊ नका.

शोधायचं कुठे

गूगलवर 'दारूमुक्ती ठाणे' असं टाकलं की वरच्या बहुतेक जाहिराती खासगी केंद्रांच्या असतात. फोन उचलणारा 'पेशंटचं वय किती, गाडी पाठवू का, महिन्याचं पॅकेज सांगतो' असं बोलायला लागला, तर ती ए.ए. नव्हे. ए.ए. कुणाला भरती करत नाही, औषध देत नाही, फी घेत नाही, घरून उचलून नेत नाही. केंद्रांची गरजच नसते असं नाही. बांद्र्याहून १९८१ साली सुरू झालेलं कृपा फाउंडेशन, पुण्याचं १९८६ सालचं मुक्तांगण ही नावं महाराष्ट्रात सगळ्यांना ठाऊक आहेत आणि पुष्कळजण केंद्रातून बाहेर पडल्यावरच मीटिंगला यायला लागतात. पण केंद्र वेगळं आणि मीटिंग वेगळी, हे डोक्यात पक्कं असू द्या.

ए.ए.चं भारताचं मुख्य कार्यालय मुंबईत आहे आणि त्याच्या अधिकृत संकेतस्थळावर हेल्पलाइन मिळते. त्या नंबरवर आपला भाग सांगितला की ते त्या भागातल्या सदस्याशी जोडून देतात. फोन उचलणारा स्वतः दारू सोडलेला माणूस असतो, त्यामुळे 'कसं सांगू' हा संकोच तिथे फारसा टिकत नाही. हे जमलं नाही तर केंद्र सरकारची व्यसनमुक्ती हेल्पलाइन १४४४६ आणि मानसिक आरोग्यासाठी टेलिमानस १४४१६ हे दोन्ही नंबर मोफत आहेत. मनोरुग्णालयातल्या समाजसेवा विभागाला किंवा तुमच्या मानसोपचारतज्ज्ञाला विचारलंत तरी जवळच्या समूहाचा पत्ता सहसा मिळतो. चर्चच्या सूचनाफलकावरही तो सापडतो, कारण खूप मीटिंगा चर्चच्या आवारातल्या खोलीत भरतात. खोली चर्चची असली तरी मीटिंग धार्मिक नसते. महापालिकेच्या शाळेचा वर्ग, समाजमंदिर, दवाखान्याची वरची खोली, जिथे स्वस्तात जागा मिळेल तिथे समूह बसतो.

आणि म्हणूनच छापील यादीवर विसंबू नका. परीक्षा, दिवाळीची सुट्टी, गणपती, निवडणुकीचं मतदान केंद्र, कुठल्याही कारणाने शाळेची खोली बंद होऊ शकते. निघण्याआधी त्याच दिवशी फोन करा आणि पुढच्या गोष्टी विचारून घ्या:

- आज मीटिंग नक्की आहे ना, किती वाजता सुरू होते आणि किती चालते? (बहुतेक ठिकाणी एक ते दीड तास.)
- खुली आहे की बंद? खुल्या मीटिंगला नातेवाईक, विद्यार्थी, कुणीही बसू शकतो. बंद मीटिंग फक्त ज्यांना दारू सोडायची आहे त्यांच्यासाठी असते.
- मराठीत चालते, हिंदीत की इंग्रजीत?
- कुठल्या नोडमधला (म्हणजे वाशी, नेरूळ अशा कुठल्या भागातला) सेक्टर, कुठलं गेट, कितवा मजला? आणि पोचल्यावर फोन केला तर खाली कुणी घ्यायला येईल का?

सेक्टरचा प्रश्न नवी मुंबईत हसण्यावारी नेऊ नका. सेक्टर ६ वाशीत आहे, नेरूळमध्ये आहे आणि ऐरोलीतही आहे. नुसतं 'सेक्टर ६, शाळेसमोर' असं लिहून घेतलेला माणूस रिक्षावाल्याशी वाद घालत बसतो आणि तेवढ्यात मीटिंग अर्धी होते. शेवटचा प्रश्न तर विचाराच. खाली घ्यायला कुणी आलं तर जिन्याखालून परत फिरणारे निम्मे लोक वर जातील, असं या कामात मुरलेल्यांचं मत आहे.

जवळची की लांबची, आणि किती वाजताची

ओळखीचं कुणी भेटेल या भीतीने पाचपाखाडीतला माणूस नेरूळची मीटिंग निवडतो. एकदा-दोनदा ठीक आहे. ठाण्याहून ट्रान्स हार्बरने ऐरोली, रबाळे, घणसोली, कोपरखैरणे सोयीचं पडतं, आणि पहिली मीटिंग शेजाऱ्यांच्या नजरेआड करायची असेल तर खुशाल करा. पण रोजची मीटिंग घराजवळ किंवा ऑफिस-घर रस्त्यावरच हवी. कासारवडवलीहून नौपाड्याला संध्याकाळी घोडबंदर रोडने यायचं म्हटलं तर एका बाजूने तास सहज जातो. पहिल्या आठवड्याचा जोश ओसरला की तो तासच न जाण्याचं कारण होतो. ओळखीचं भेटण्याबद्दल म्हणाल, तर तोही त्याच कारणासाठी तिथे आलेला असतो.

वेळ निवडताना सोयीपेक्षा एक गोष्ट जास्त महत्त्वाची: तुमचा प्यायचा वेळ कोणता? साडेसातला पाय आपोआप बारकडे वळत असतील तर साडेसातचीच मीटिंग धरा. सकाळची मीटिंग करून संध्याकाळ मोकळी सोडली तर ती मोकळी राहत नाही. महापे, रबाळे, वागळे इस्टेटमध्ये शिफ्टवर काम करणाऱ्यांचं गणित उलटं असतं. रात्रपाळीनंतर सकाळी पिणाऱ्याने सकाळची किंवा ऑनलाइन मीटिंग शोधावी. स्टेशन ते मीटिंग या रस्त्यावर नेहमीचं वाईन शॉप लागत असेल तर दुसऱ्या बाजूने उतरा. रविवारी मेगाब्लॉक आहे का ते आदल्या दिवशी बघा. रविवारची संध्याकाळ आणि गाडी नाही, हे दोन्ही एकत्र आलं की घरी बसून जे होतं ते सांगायला नको.

जाण्याआधी काहीतरी खाऊन जा. वडापाव चालेल, फक्त रिकाम्या पोटी नको. भूक, राग, एकटेपणा आणि थकवा या चार गोष्टी प्यायची ओढ वाढवतात असं ए.ए.त सतत सांगितलं जातं, आणि संध्याकाळी सातला ऑफिसातून सुटलेल्या माणसात त्यातल्या किमान दोन असतातच.

पहिली संध्याकाळ

दहा मिनिटं आधी पोचा. दारावर फलक असेलच असं नाही; असला तर त्यावर नुसतं 'ए.ए.' किंवा वर्तुळातला त्रिकोण असतो. आत दहा-वीस खुर्च्या, भिंतीवर किंवा टेबलावर बारा पायऱ्यांचा (दारूपासून दूर राहण्याचा ए.ए.चा कार्यक्रम) आणि बारा परंपरांचा (समूह कसा चालवायचा त्याची तत्त्वं) तक्ता, कोपऱ्यात चहा. नाव विचारतील, तेव्हा नुसतं पहिलं नाव सांगा. आडनाव, सोसायटी, कंपनी कुणी विचारू नये आणि सांगायची गरजही नाही. नवीन आहात हे सांगा, लपवू नका. मग कुणीतरी शेजारी बसतं, फोन नंबर देतं, चहा हातात देतं.

सुरुवातीला छोटी प्रार्थना किंवा शांतता, मग ठरलेलं वाचन. मीटिंग चालवणारा त्या दिवसाचा विषय सांगतो आणि एकेकजण बोलतो. 'माझं नाव अमुक, मी अल्कोहोलिक' अशी सुरुवात करायची पद्धत आहे. तुम्ही ते शब्द उच्चारायलाच हवेत असं अजिबात नाही. 'मी आज फक्त ऐकायला आलोय' एवढं म्हटलं तरी पुरतं. बोलायचंच असेल तर तीन-चार मिनिटांत आटपा आणि स्वतःबद्दल बोला. दुसरा बोलताना मधे बोलायचं नाही, सल्ला द्यायचा नाही, 'तुम्ही असं करायला हवं होतं' म्हणायचं नाही. नव्या माणसाला हे पहिल्यांदा विचित्र वाटतं, कारण आपल्याकडे कुणी अडचण सांगितली की उत्तर देणं हा शिष्टाचार मानतात. तिथे उत्तर न देता ऐकणं हाच शिष्टाचार.

मधे पिशवी किंवा डबा फिरतो. खोलीचं भाडं, चहा आणि पुस्तकं यासाठी सदस्यच पैसे टाकतात, बाहेरच्यांची देणगी ए.ए. घेत नाही. पहिल्या दिवशी काहीही टाकू नका, कुणी बघत नाही. पुढे टाकाल तेव्हा दहा-वीस रुपये रोख टाका. क्यूआर असला तरी रोखच बरं, कारण यूपीआयवर तुमचं पूर्ण नाव समोरच्याला दिसतं.

शेवटी सगळे उभं राहून हात धरतात आणि प्रार्थना म्हणतात. 'देव' हा शब्द पायऱ्यांत वारंवार येतो आणि पुष्कळ मराठी माणसं तिथेच बिचकतात: कुणाला हा प्रकार ख्रिस्ती वाटतो, कुणाला भजनी मंडळासारखा, आणि नास्तिकाला दोन्ही नकोसं. पायऱ्यांचे शब्द 'आम्हाला जसा समजला तसा देव' असे आहेत. कुणी विठ्ठल मानतो, कुणी समूहालाच ती शक्ती मानतो, कुणी त्या ओळीला गप्प राहतो. १९३५ साली अमेरिकेतल्या अ‍ॅक्रन गावी दोन माणसांपासून हे सुरू झालं आणि सदस्यत्वाची अट तेव्हाच्या अनुभवातून एकच ठरली: दारू थांबवायची इच्छा. श्रद्धेची अट त्यात नाही. माळ घातली असेल तरी मीटिंगला यायला हरकत नाही, दोन्ही एकमेकांच्या आड येत नाहीत.

प्यायलेल्या अवस्थेत गेलात तर? बहुतेक समूह बसू देतात, फक्त त्या दिवशी बोलू नका म्हणतात. गोंधळ घातलात तर बाहेर नेतील. पिऊन गाडी चालवत मात्र जाऊ नका.

मीटिंग संपल्यावर लगेच सटकू नका. खरं काम पुष्कळदा त्यानंतरच्या पंधरा मिनिटांत, खाली टपरीवर होतं. पुढची मीटिंग कुठे, कोण कुठून येतं, कुणाबरोबर परत जाता येईल, हे तिथे कळतं. किमान दोन नंबर घ्या, आणि दुसऱ्या दिवशी त्यातल्या एकाला काही काम नसताना फोन करा. ओढ लागलेली नसताना केलेला पहिला फोन सोपा असतो, आणि तो झालेला असला तरच रात्री अकराला ओढ लागल्यावर दुसरा केला जातो.

पुढचे तीन महिने

एका मीटिंगवरून मत बनवू नका. समूहासमूहात खूप फरक असतो. एखाद्या ठिकाणी एकच जुना सदस्य अर्धा तास बोलतो, एखाद्या ठिकाणी सगळे निवृत्त आणि तुम्ही एकटेच तिशीतले. निदान पाच-सहा वेगवेगळ्या समूहांत बसा, मग एक 'आपला' समूह ठरवा. ९० दिवसांत ९० मीटिंगा ही ए.ए.मधली जुनी सूचना आहे. नोकरी-घर सांभाळून ती जमत नसेल तर आठवड्याला तीन प्रत्यक्ष आणि उरलेल्या दिवशी ऑनलाइन, असं धरलं तरी चालतं. ऑनलाइनला जोडण्याआधी स्क्रीनवरचं नाव बदला. मोबाइलवर बहुधा पूर्ण नाव, कधी कंपनीचं नावही आपोआप येतं. वन बीएचकेत खासगी कोपरा नसतो, तेव्हा इअरफोन लावून गच्चीवर किंवा खाली बागेत बसा.

व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपमध्ये घालू का असं कुणी विचारलं तर विचार करून हो म्हणा. ग्रुपमध्ये गेलात की तुमचा नंबर, फोटो आणि स्टेटस सगळ्यांना दिसतं. फोटोत मुलं किंवा ऑफिसचं ओळखपत्र असेल तर आधी ते बदला. मीटिंगमधलं कुणाचं बोलणं त्या ग्रुपवर लिहिणं हा तर सरळ विश्वासघात.

स्पॉन्सर म्हणजे पायऱ्या समजावून घेण्यासाठी धरलेला जुना सदस्य. तो शक्यतो पुरुषाला पुरुष आणि बाईला बाई असावा, काही वर्षं न पिता राहिलेला असावा आणि तुमचा फोन उचलणारा असावा. घाई नको. पहिल्या महिन्यात तात्पुरता धरा, जमलं नाही तर बदला. त्यात रुसवा-फुगवा नसतो. सदस्यांकडून उसने पैसे घेऊ नका आणि देऊ नका. विमा, फ्लॅट, साखळी विक्री गळ्यात मारणारा कुणी भेटला तर स्पष्ट नाही म्हणा. बायकांनी खुल्या मीटिंगला पहिल्यांदा मैत्रीण किंवा बहीण सोबत न्यावी, फक्त स्त्रियांची मीटिंग आहे का हे हेल्पलाइनवर विचारावं, आणि 'मी सोडतो घरी' म्हणणाऱ्या अनोळखी सदस्याच्या गाडीत बसू नये. सगळे वाईट नसतात. पण नवीन माणूस हळवा असतो आणि त्याचा फायदा घेणारे कुठेही भेटतात.

डॉक्टरने दिलेलं औषध एखादा सदस्य 'बंद कर, मीटिंग पुरेशी आहे' म्हणाला तर ऐकू नका. औषधांबद्दल ए.ए.चं काही म्हणणं नाही, ते त्या माणसाचं वैयक्तिक मत.

कॅलेंडर काढून काही तारखांवर आत्ताच खूण करा: गटारी, होळी, ३१ डिसेंबर, गावातल्या हळदी, ऑफिसची वार्षिक पार्टी. 'श्रावणात महिनाभर सोडतो, म्हणजे मला व्यसन नाही' हे वाक्य मीटिंगमध्ये जवळजवळ प्रत्येकाने कधीतरी म्हटलेलं असतं. श्रावण पाळता येतो, अडचण पहिल्या पेगनंतर थांबता येत नाही ही आहे. गटारीच्या संध्याकाळी मीटिंग गाठा आणि परत येताना एकटे येऊ नका. हळदीला जायलाच हवं असेल तर जेवणाच्या वेळेला जा, हातात सतत कोकम सरबताचा ग्लास ठेवा, नऊच्या आत निघा, आणि निघताना फोन कुणाला करायचा ते आधीच ठरवा.

पुन्हा प्यालात तर पुढचीच मीटिंग गाठा, 'आठवडाभर कोरडा राहून मग जातो' असं म्हणू नका. पहिल्याच मिनिटात सांगून टाका. दिवस पुन्हा एकपासून मोजायचे, एवढंच होतं. सलग काही दिवस प्यायलं असेल तर मात्र वर लिहिलेला डॉक्टरचा नियम पुन्हा लागू.

घरच्यांसाठी

नवऱ्याच्या मीटिंगची वेळ पाठ करून, गेला की नाही हे बघायला खाली रिक्षात बसून राहण्याने काही साधत नाही. समूह हजेरीपट ठेवत नाही आणि कोण आलं होतं ते फोनवर सांगतही नाही. घरच्यांसाठी अल-अ‍ॅनॉन ही वेगळी संघटना आहे, १९५१पासूनची. त्यात घरातला माणूस पीत असो वा सोडलेला असो, बायको, नवरा, आई, भाऊ कुणीही जाऊ शकतं, आणि पिणारा मीटिंगला जायला तयार नसला तरी जाता येतं. मुलांसाठी अलाटीन आहे. मुक्तांगणचा पत्नींसाठीचा सहचरी गटही विचारून घ्यावा. अल-अ‍ॅनॉनचे समूह ए.ए.पेक्षा कमी आहेत. ठाणे किंवा वाशीत सोयीच्या वेळेचा सापडला नाही तर मुंबईतला किंवा ऑनलाइन मराठी-हिंदी समूह विचारा, आणि दुपारची मीटिंग मिळते का ते आधी बघा. मुलं शाळेत असताना तो तास मिळवणं बहुतेक बायकांना जास्त सोपं जातं.